जेती नावाचं फोल्डर

अत-बाशी, १२ ऑक्टोबर

भावजी,

फोन न करता कॉम्प्युटरवरून पत्र लिहितेय, यावरूनच ओळख की मामला गंभीर आहे. फोनवर तू तिकडून कॉम्प्युटरच्या आज्ञा सांगतोस, मी इकडे त्या उलट्यासुलट्या टाइप करते, आणि सासूबाई शेजारी बसून दोघांनाही हसतात. तेव्हा लेखीच बरं.

आपल्या कार्यशाळेत गेल्या आठवड्यापासून कुणी कुणाशी बोलत नाही. सासूबाई, मी आणि बाकीच्या सहा, अशा आठ जणी एका खोलीत बसून गालिच्यासाठी लोकरीचा नमदा कापतो आणि कात्रीशिवाय आवाज नाही. चहासुद्धा जी ती आपापल्या थर्मासमधून पितेय. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून असं कधी पाहिलं नव्हतं.

झालं काय ते ऐक. उन्हाळ्यात तू तो लिनक्सवाला कॉम्प्युटर बसवलास, प्रत्येकीला तिचं तिचं खातं दिलंस, नक्ष्या ठेवायला ‘ओयू’ नावाचं सामायिक फोल्डर केलंस. जाताना मला बजावलंस, "वहिनी, परवानग्या जपून द्या." मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेजारणी-शेजारणींत कसली आली परवानगी? आपल्या दाराला कधी कडी होती का?" मग मी इंटरनेटवर शोधलं आणि सापडलं ते ठोकून दिलं:

chmod 777 oyu

सगळं सगळ्यांना मोकळं. सासूबाई खूश, मी खूश.

मग मंगळवारी बुबूकान आपा सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी केरसुणी शोधतात. स्क्रीनवर बघतात तर ‘शिंग’, ‘शिंग-नवं’, ‘शिंग-नवं-खरं’, ‘शिंग-नवं-खरं-शेवटचं’ असा पसारा. म्हणाल्या, बिचाऱ्या उलबोसुनला वेळ होत नसेल, आपणच आवरून टाकू. आणि टाकलं की आवरून. उलबोसुन आपांनी अख्खा उन्हाळा खपून काढलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी त्या आवराआवरीत गेली.

आता उलबोसुन आपा म्हणतात, मुद्दाम केलं. बुबूकान आपा रडतात, की एक तर काम केलं आणि वर शिव्या खातेय. दोघींचंही आपापल्या जागी खरं आहे, हीच पंचाईत. नक्षी परत आणता येते का बघ, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते मला समजेल असं लिही. राजधानीत बसून फार शहाणा झालायस, त्याचा आम्हाला काही उपयोग होऊ दे.

तुझी वहिनी

---

बिश्केक, १४ ऑक्टोबर

वहिनी,

तुम्ही 777 दिलंत. हे मी ऑफिसात कुणाला सांगणार नाही, कारण मला पुन्हा तिथे कामाला जायचं आहे.

पण घाबरू नका. मी कॉम्प्युटर दर रविवारी आपली एक प्रत करून ठेवेल अशी सोय करून गेलो होतो. शिंगांची नक्षी त्यातून काढून परत ओयूमध्ये ठेवली आहे. ठेवता ठेवता काही रेघा वाकड्या होत्या, त्याही सरळ केल्या. उलबोसुन आपांना माझा नमस्कार सांगा.

आता शिकवणी. फोल्डर म्हणजे आपला उन्हाळी कुरणावरचा तंबू समजा. तंबूबाबत तीन हक्क असतात. पहिला, दारावरचा नमदा वर करून आत काय काय आहे ते बघायचा. त्याचे गुण चार. दुसरा, आत वस्तू ठेवायचा आणि उचलून न्यायचा. त्याचे दोन. तिसरा, उंबरा ओलांडून आत जायचा. त्याचा एक. तिन्ही मिळून सात. आणि हे तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे देता येतात: पहिला आकडा तंबूच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. तुम्ही मालकाला सात, गटाला सात आणि वाटेने जाणाऱ्यालाही सात देऊन मोकळ्या झालात.

आता गंमत अशी, की फाइल कुणाची का असेना, तंबूतून वस्तू न्यायचा हक्क असला की ती पुसता येते. म्हणून बुबूकान आपांना कॉम्प्युटरने अडवलं नाही. यावर उपाय म्हणजे पुढे एक जादूचा आकडा लावायचा:

sudo chmod 1775 /srv/oyu

पुढचा एक म्हणजे, लग्नघरी सगळ्या जणी आपापली भांडी आणतात, पण जिचं पातेलं तिनेच उचलायचं. कार्यशाळेच्या गटाला सात, बाकी जगाला पाच, म्हणजे या, बघा, हात लावू नका. तुम्ही मालकीणबाई आहात, तेवढं तुम्हाला मात्र कुणाचंही उचलता येईल. जपून.

शिवाय रोज सकाळी हे टाइप करत जा:

ls -l

म्हणजे प्रत्येक फाइल कुणाच्या मालकीची, कधी बदलली, कुणाला काय करता येतं, सगळं ओळीने दिसतं. सगळ्यांना शिकवा. संशयाला जागाच राहणार नाही.

तुमचा भावजी

---

अत-बाशी, २१ ऑक्टोबर

भावजी,

तोंड गोड कर. दोघी बोलायला लागल्या. बुबूकान आपांनी कणकेचे बोरसोक तळून आणले, उलबोसुन आपांनी साय आणली, आणि आता दोघी मिळून मला बोल लावतात की 777 या बयेने दिलं. चालेल. बोलताहेत ना.

तुझं ते पातेल्याचं सगळ्यांना पटलं. आणि ls -l तर इतकं आवडलंय की विचारू नकोस. सकाळी आल्या आल्या, डोक्यावरचा रुमाल सोडायच्या आधी, सगळ्या स्क्रीनपुढे. काल कोण उशिरापर्यंत बसली, कुणाची नक्षी पुढे सरकली, कुणाची आहे तिथेच आहे. पूर्वी हे कळायला विहिरीवर जावं लागायचं.

आता एक बारीकशी शंका. उलबोसुन आपा काल शिंगांच्या नक्षीत एक पाकळी घालायला बसल्या, तर कॉम्प्युटर म्हणतो, हात लावू नका. "माझीच नक्षी आणि मलाच मनाई?" म्हणून त्या भडकल्या. मी ls -l केलं. मालकाच्या रकान्यात ना उलबोसुन, ना तू. तिथे लिहिलंय ‘तानसुलू’.

मग मी गटात कोण कोण आहे ते पाहिलं. आम्ही आठ जणी आणि नववी तानसुलू. तू स्वतः गटात नाहीस, ते एक बरं झालं, कारण तुला घालायचं काम माझ्यावर आलं असतं तर तुझं नाव टाइप करावं लागलं असतं. नवऱ्याच्या भावाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि बोटांनी घेतलेलं चालतं, हे मी सासूबाईंना समजावायला जाणार नाही.

तर, ही तानसुलू कोण?

तुझी वहिनी

---

बिश्केक, २३ ऑक्टोबर

वहिनी,

काही विशेष नाही. लिनक्समध्ये अशी बरीच खाती असतात, जी माणसांची नसतात. छपाईचं एक, घड्याळाचं एक, निरोप पोचवण्याचं एक. त्यातलंच हे. वाकड्या रेघा आपोआप सरळ करणारा एक प्रोग्राम आहे, त्याचं खातं. नाव आपलं काहीतरी द्यावं लागतं म्हणून दिलं.

उलबोसुन आपांची नक्षी मी त्यांच्या नावावर करून दिली आहे. आता हव्या तेवढ्या पाकळ्या घाला म्हणावं.

कामात आहे, घाईत लिहितोय.

तुमचा भावजी

---

अत-बाशी, २ नोव्हेंबर

भावजी,

तुझा प्रोग्राम फार गुणाचा आहे हो.

झूरा आपांच्या नक्षीच्या रेघा त्याने सरळ केल्या आणि शेजारी एक चिठ्ठी ठेवली: "आपा, ही वेल तुम्ही मुद्दाम डावीकडे वळवली असेल तर मला माफ करा, मी जुनी प्रत तशीच ठेवली आहे." वडीलधाऱ्यांना कसं लिहावं हे प्रोग्रामला बरोबर कळतं. जेवायच्या वेळेला तो थांबतो. शनिवार-रविवार काम करत नाही. सायरागुल आपांनी गंमत म्हणून चिठ्ठीत लिहिलं, "लेकी, तुला बरं आहे ना?" तर प्रोग्रामचं उत्तर आलं, "थोडी सर्दी आहे, आपा."

मी ही चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या कात्री चालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्रोग्राम कोणाची मुलगी आहे?"

आता तूच सांग, मी काय उत्तर देऊ?

तुझी वहिनी

---

बिश्केक, ४ नोव्हेंबर

वहिनी,

हरलो. शिकवलं मीच आणि पकडला गेलोही मीच.

तानसुलू आमच्या ऑफिसात नकाशे काढते. तिचा हात तुम्ही पाहिलाच आहे. उन्हाळ्यात मी तुमच्या सगळ्यांच्या नक्ष्या तिला दाखवल्या, तेव्हापासून ती वेडावलीय. मीच तिला गटात घातलं, म्हटलं गावातल्या बायका मालकाचा रकाना कशाला बघताहेत. आमचं दोन वर्षं ठरलेलं आहे. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि का सांगितलं नाही ते तुम्हाला कळेल, म्हणूनच लिहितो.

आईने विचारलं तोच प्रश्न आहे. कोणाची मुलगी? तिला माहीत नाही. ती बातकेनकडच्या एका अनाथालयात वाढली. कुणी आणून ठेवलं, आईबाप कोण, काहीच ठाऊक नाही. आपल्याकडे शेंबडं पोरही सात पिढ्यांच्या बापांची नावं धडाधड म्हणतं आणि मोठी माणसं कौतुकाने खिशातून खाऊ काढतात. तिला एकही नाव म्हणता येत नाही. सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न होत नाही, आणि जिला पिढ्याच ठाऊक नाहीत तिचं नातं निघत नाही असं तरी कोण सांगणार? आई पहिलं तेच विचारेल, आणि तानसुलू खाली मान घालून उभी राहील. ते मला बघवणार नाही.

मी म्हटलं, इथेच नोंदणी करून टाकू, गावाला मागाहून कळवू. ती म्हणाली, "तुझ्या आईने हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. फुकटात आत शिरून आयुष्यभर कोपऱ्यात उभी राहायची सवय मला आहे, पण आता ती मोडायची आहे." असं आहे, वहिनी. आई नाही म्हणाली तर सगळं संपलं. म्हणून मी विचारतच नाही. विचारलं नाही, तोवर निदान नाही म्हणालेली तर नाही.

आईला काही बोलू नका. तुमच्या पाया पडतो.

तुमचा भावजी

---

अत-बाशी, ९ नोव्हेंबर

भावजी,

तुझं पत्र पोचलं. सासूबाईंशी मी त्याबद्दल एक शब्दही बोललेले नाही.

कामाचं विचारते. ओयूच्या आत आणखी एक फोल्डर करायचं आहे. त्यात ठरलेल्या माणसांनीच जायचं, बाकीच्यांना आत काय आहे हे दिसतासुद्धा कामा नये. कसं करायचं? आणि तुझ्याकडे जो तो सगळ्यांच्या वरचा रूट अधिकार आहे, त्याने तुला ते दिसेल का? खरं सांग.

थंडी पडलीय. उबदार बनियन घाल.

तुझी वहिनी

---

बिश्केक, १० नोव्हेंबर

वहिनी,

सोपं आहे. sudo लावायची, म्हणजे रूटच्या हुकमाने काम करायची मुभा तुम्हाला दिलेलीच आहे, तेव्हा नवा गट करा, हवी ती नावं त्यात घाला, फोल्डर त्या गटाच्या नावावर करा आणि

sudo chmod 770 नंतर फोल्डरचं नाव.

शेवटचं शून्य म्हणजे उरलेल्या जगाला काहीच नाही. त्यांना बाहेरून फक्त फोल्डरचं नाव, मालक, परवानग्या आणि शेवटचा बदल केव्हा झाला तेवढं दिसेल. आतलं काही नाही.

रूटला मात्र सगळं दिसतं. त्याला दार लागतच नाही, तो तंबूच्या माथ्यावरच्या धुराड्यातून आत डोकावतो. पण धुराड्यातून येणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत. मी बघणार नाही. गटात कोण आहे तेही बघणार नाही. वडिलांची शपथ.

पण काय आहे ते? कुणी नक्ष्या चोरतंय का? आई काही म्हणाली का?

तुमचा भावजी

---

बिश्केक, १८ डिसेंबर

वहिनी,

महिना उलटून गेला, तुमचं उत्तर नाही. फोन केला तर दादा उचलतो आणि घोड्यांविषयी बोलतो. आई फोनवर आली तर, "बरी आहे, तू जेवलास का," एवढंच आणि ठेवून देते.

ओयूमध्ये मी माझ्या साध्या खात्याने जातो, जगाला जेवढं दिसतं तेवढंच मलाही दिसतं. ‘जेती’ नावाचं फोल्डर झालंय. मालक आई, जगाला शून्य. जेती म्हणजे सात, एवढं मला कळतं. कोणते सात, तेही कळतं. आईला पत्ता लागला आहे आणि ती तानसुलूचे सात बाप शोधायला बसली आहे, हो ना? बातकेनला माणूस पाठवला असेल. फोल्डरची तारीख रोज बदलते, म्हणजे रोज कुणीतरी आत जाऊन काहीतरी ठेवतंय. सापडणार काहीच नाही, मग नकार येईल, आणि तोही पुराव्यानिशी.

इकडे तानसुलूही बदललीय. मी तिच्या टेबलापाशी गेलो की स्क्रीन फिरवते. विचारलं तर म्हणते, ऑफिसचं काम आहे. परवा तिचे डोळे लाल होते. मला वाटतं ती सोडून जायचा विचार करतेय आणि तिला सांगवत नाही.

खरं सांगतो, काल हात शिवशिवले. रूटचा पासवर्ड टाइप करून झाला होता, फक्त एक कळ दाबायची बाकी होती. नाही दाबली. उठून बाहेर जाऊन बर्फात उभा राहिलो. पण असं किती दिवस?

दोन ओळी तरी लिहा. वाईट असलं तरी लिहा.

बेकतूर

---

अत-बाशी, २७ जानेवारी

भावजी,

आज दुपारी तुझ्या साध्या खात्याने ओयूमध्ये जा. रूटने नाही, दाराने. एकटा जाऊ नकोस, त्या प्रोग्रामला शेजारी बसव. मग ls -l कर, आणि जेतीत जाऊन पुन्हा एकदा कर.

तुला आत घ्यायचा मोठा पेच होता. गटात घालायचं तर तुझं नाव टाइप करावं लागणार. सासूबाई म्हणाल्या, "मी करते." मी म्हटलं, राहू द्या, दुसरा रस्ता आहे. शून्याच्या जागी पाच केले आणि अख्ख्या जगालाच बघायला मोकळं केलं. त्यात तूही आलास. लपवायचं आता काय राहिलंय?

हात मात्र लावू नकोस. लागणारही नाही.

तुझी वहिनी

---

बिश्केक, २७ जानेवारी

वहिनी,

पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं, आणि आता ती तोंड धुवायला गेली आहे म्हणून हे लिहायला फुरसत मिळाली.

आत सात नक्ष्या आहेत. सातही एकाच मोठ्या गालिच्याचे तुकडे. मालकाच्या रकान्यात सात वेगवेगळी नावं: उलबोसुन, बुबूकान, झूरा, कानिशाय, सायरागुल, तुर्दुबुबू आणि सालकिन, म्हणजे तुम्ही. आईच्या नावाची एकही फाइल नाही. आणि फोल्डरची मालकी, जी डिसेंबरात आईकडे होती, ती आता तानसुलूकडे आहे.

मला जे वाटतंय ते खरं आहे का? लवकर लिहा. मी शहाणपणाने काही ओळखायला गेलो की काय होतं ते या हिवाळ्यात पाहिलं.

तुमचा भावजी

---

अत-बाशी, २८ जानेवारी

भावजी,

तुला वाटतंय ते खरं आहे. आता पहिल्यापासून ऐक.

सासूबाईंशी मी एक शब्द बोलले नाही म्हटलं, ते खोटं नव्हतं. तुझं पत्र छापलं आणि त्यांच्या चष्म्याखाली ठेवलं. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि दिवसभर नमदा कापत बसल्या. संध्याकाळी पाहिलं तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काळ्याच्या जागी लाल कापला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांपुढे विषय काढला. उलबोसुन आपा म्हणाल्या, "गोत ठाऊक नाही, कसं करायचं? पोरगी गोड आहे, पण रीत ती रीत." सासूबाई म्हणाल्या, "रीत काय सांगते? सून बाहेरच्या गोतातली हवी, एवढंच ना? ती बातकेनची, आमच्या सात पिढ्यांत डोंगराच्या त्या अंगाला कुणी पाणी प्यायलाही गेलेलं नाही. राहिलं तिला नावं असण्याचं. तर बाहेरच्या गोतातून आलेल्या सात जणी या खोलीत बसल्यात. उलबोसुन कोचकोरची, झूरा तालासची, ही माझी सून जुमगालची. बाहेरगावच्या पोरीला लग्नात मानलेली आई देतात की नाही आपण? एक देता येते, तर सात का नाही? बाप नसतील मिळत, आया घ्या."

मग बुबूकान आपा म्हणाल्या, "मला मुलगी नाहीच. पहिला तुकडा माझा." की लगेच उलबोसुन आपा, "वयाने मी मोठी, पहिला माझा." पुन्हा भांडण, पण असलं भांडण रोज झालं तरी चालेल.

सासूबाईंनी स्वतः तुकडा काढला नाही. म्हणाल्या, "मी नवऱ्यामुलाची आई, मी मागायला येणार. दोन्हीकडून कशी बसू?" त्यांनी फक्त पोरीला चिठ्ठी लिहिली: सात तुकडे आहेत, जुळव, आणि माझ्या मुलाला सांगू नकोस. बाकी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती भिडेने हो म्हणाली असती, आणि सासूबाईंना तिचा हात बघायचा होता, भीड नाही. दोन महिने तिने रोज जुळवलं. झूरा आपांची डावी वेल तिने डावीच ठेवली. तिथे सासूबाई विरघळल्या. पण हो म्हणायचं ते गालिचा शिवून झाल्यावरच, नुसत्या तोंडाने नाही, असा त्यांचा हट्ट. परवा शेवटचा टाका घातला, त्यांनीच मला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि म्हणाल्या, "फोल्डर तिच्या नावावर कर. घर नंतर, आधी हे." तुझ्या डिसेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहायची बंदी होती. तू धुराड्यातून डोकावला नाहीस, हेही सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. पण दिवसभर गुणगुणत होत्या.

मार्चमध्ये नौरूझचा सण झाला की लग्न. तुझा दादा पांढरी घोडी विकणार नाही असं म्हणतोय, म्हणजे ती तुम्हालाच देणार.

आणि एक लक्षात ठेव. सातवी मी आहे. म्हणजे आजपासून मी नुसती वहिनी नाही, तुझी सासूही झाले. माझी थट्टा करायचे दिवस संपले. यापुढे मी खोलीत आले की उठून उभा राहायचं, आणि माझ्या लेकीला काही बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी सासूबाई

---

बिश्केक, ३० जानेवारी

प्रिय सालकिन आईस,

कसं लिहायचं ते माहीत नाही. हा शब्द मी कधी पत्रावर लिहिलेला नाही. तीन वेळा खोडला आणि पुन्हा लिहिला. चुकलं असेल तर सांगा, मी जुनी प्रत ठेवलेली नाही.

मला वाटत होतं ही परीक्षा आहे. बेकतूरला काही सांगायचं नव्हतं, आणि तो इतका रडवेला चेहरा करून फिरायचा की मी स्क्रीन फिरवून बसायचे, नाहीतर बोलून गेले असते. नापास झाले तर निदान एवढ्या चांगल्या बायकांच्या नक्ष्या तरी हाताखालून गेल्या, अशी मनाची समजूत घालत होते. कानिशाय आईंनी एकदा चिठ्ठीत लिहिलं होतं, "सर्दीला मेंढीची चरबी घालून चहा पी." ती चिठ्ठी मी वेगळी जपून ठेवली, म्हटलं पुढे काही झालं तर एवढी आपल्यापाशी राहील.

आमच्या अनाथालयात सगळं सगळ्यांचं होतं. कोट सगळ्यांचे, बूट सगळ्यांचे, जो आधी उठेल तो चांगला जोड घालेल. कुणी वाईट वागवलं नाही, पण माझं म्हणावं असं काही नव्हतं, आणि मीही कुणाची नव्हते. त्या दुपारी बेकतूरने ls -l केलं आणि मालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी वाचलं. मला वाटलं, चूक झाली असेल. त्याला म्हटलं, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. तेच आलं. मग त्याने जेतीत जाऊन केलं आणि एकाखाली एक तुमची नावं आली.

तो लहान पोरासारखा रडला. मी नाही रडले, मी मोजत होते. मग उठून तोंड धुवायला गेले आणि तिथे रडले.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र वाचलं, आणि ऑफिसात एका वयस्क गृहस्थांनी सहज विचारलं, जसं सगळे विचारतात, पोरी, तू कोणाकडची? आजवर मी या प्रश्नाला हसून विषय बदलत आले. या वेळी मी उभी राहिले आणि सांगितलं. उलबोसुनची, कोचकोरची. बुबूकानची. झूराची, तालासची. कानिशायची, सायरागुलची, तुर्दुबुबूची. सालकिनची, जुमगालची. ते म्हणाले, अगं, मी बापांची नावं विचारली होती. मी म्हटलं, माझ्याकडे ही आहेत. त्यांनी खिशात हात घातला आणि मला एक साखरेचा खडा दिला.

तुमची मुलगी,
तानसुलू